छर्ऱ्याचं माप आणि आपलं शिवार



ज्वारी पोटरीत आली की दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो. "दादा, एअरगन घ्यायची म्हणतोय. कुठल्या बोअरची घेऊ? वन सेव्हन सेव्हन का टू टू?" विचारणारा कधी भावकीतला पोरगा असतो, कधी शेजारच्या गावचा मकेवाला. पाखरांनी मागच्या साली कणसं रिकामी केलेली असतात, डुकरांनी मका लोळवलेला असतो. त्यात मोबाईलवर कुणीतरी इंग्रजीत बोलत दोन मापांची तुलना करतो आणि लांबचा डबा टपकन पाडून दाखवतो. ते बघून आपली पोरं निघतात तालुक्याला.

म्हणून आज खत-पाण्याची नोंद बाजूला ठेवतो आणि या मापांचा इतिहास लिहितो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी माप म्हणजे काय ते बघू. नळीचं आतलं भोक किती रुंद, ते बोअर. ०.१७७ म्हणजे इंचाचे इतके भाग, आपल्या भाषेत साडेचार मिलिमीटर. ०.२२ म्हणजे साडेपाच मिलिमीटर. या दोन्हींच्या मधे ०.२० आहे, वर ०.२५ आहे. फरक एका मिलिमीटरचा, म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढाही नाही. पण त्या एका मिलिमीटरवर जगात शंभर वर्षं वाद चाललाय, आणि आपल्याकडे त्यावर कायदा आहे.

हवेची बंदूक म्हणजे पोरांचं खेळणं, असं आपल्याला वाटतं. सुरुवात तशी नव्हती. १७८० च्या आसपास ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरार्डोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल होती. दस्त्याच्या जागी लोखंडी टाकी, त्यात पंपाने हवा भरायची. टाकी पूर्ण भरायला हजारावर दट्टे मारावे लागायचे. गोळी सेंटीमीटरभर जाडीची, आणि एकामागून एक वीस गोळ्या सुटायच्या. धूर नाही, बार नाही. पुढे १८०४ साली अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला लुईस आणि क्लार्क निघाले, त्यांच्या सामानातही एक हवेची रायफल होती. वाटेत भेटणाऱ्या टोळ्यांवर छाप पाडायला ते ती उडवून दाखवत. म्हणजे पहिली मोठी हवाई बंदूक भल्या जाड मापाची होती. बारीक माप नंतर आलं, आणि कुठून आलं ते शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखं आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यात प्लिमथ नावाचं गाव आहे. तिथे १८८२ साली लोखंडी पवनचक्क्या बनवणारी कंपनी निघाली. विहिरीचं पाणी उपसायला शेतकरी पवनचक्की घ्यायचे. पण धंदा काही जोर धरेना. १८८८ साली क्लॅरेन्स हॅमिल्टन नावाच्या माणसाने धातूची छोटी एअरगन करून कंपनीत आणून दाखवली. मालकांनी ठरवलं, जो शेतकरी पवनचक्की घेईल त्याला ही बंदूक फुकट. आपल्याकडे ट्रॅक्टरवर कव्हर किंवा पंपावर घड्याळ देतात, तसलाच प्रकार. झालं असं की लोक पवनचक्की नको म्हणायचे आणि बंदूक मागायचे. शेवटी १८९५ साली कंपनीने नाव बदललं, डेझी मॅन्युफॅक्चरिंग कंपनी केलं, आणि पवनचक्क्यांचा नाद सोडला.

या डेझीत सुरुवातीला शिकारी काडतुसातले शिशाचे गोल छर्रे घालायचे. पुढे शिसं वाचवायला छर्रा किंचित बारीक केला. तेव्हापासून साडेचार मिलिमीटरच्या आसपासचं माप अमेरिकेतल्या पोराटोरांच्या हातात घट्ट बसलं. ते पीक राखायला निवडलेलं नव्हतं. स्वस्त छर्रा आणि पोराला ओढता येईल एवढी स्प्रिंग, यातून ते आलं.

आता अटलांटिक ओलांडून इंग्लंडात या. बर्मिंगहॅम हे तोफा-बंदुकांचं गाव. तिथल्या लिंकन जेफ्रीज नावाच्या बंदूकवाल्याने १९०४ साली स्प्रिंगच्या एअर रायफलचं पेटंट घेतलं आणि १९०५ पासून ती बीएसए कंपनीने बनवायला घेतली. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. सायकलीवरचं नाव म्हणून आपल्या वडिलांच्या पिढीला ते पाठ आहे. त्यांनी मापांना नंबर दिले. एक नंबर बोअर म्हणजे ०.१७७, दोन नंबर म्हणजे ०.२२, तीन नंबर म्हणजे ०.२५.

त्या काळात इंग्लंडात बोअर युद्ध नुकतंच संपलेलं. आपल्या माणसांना नेम धरता येत नाही याची तिथे चर्चा होती. गावोगावी नेमबाजीचे क्लब निघाले. बर्मिंगहॅमकडे तर दारूच्या गुत्त्यांत सहा-सात यार्डांवर लोखंडी पत्रा लावायचे, मधे बारीक भोक, भोकामागे घंटा. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजायची. अशा खेळाला एक नंबर बोअर सोयीचा. छर्रा हलका, वेगात जाणारा, रेषेत जाणारा.

छर्ऱ्याचा आकारही याच सुमाराला ठरला. मधे चिमटा काढलेला, अगदी आपल्या डमरूसारखा. मागची कडा पातळ असते, हवेच्या दाबाने ती फुलते आणि नळीला चिकटते, त्यामुळे हवा वाया जात नाही. पुढचं डोकं जड, मागचं हलकं, म्हणून सरळ उडतो. आजही दुकानातली डबी उघडली की तोच डमरू दिसतो.

मग दोन नंबर बोअर कुणासाठी? तो शेतावर गेला. इंग्लंडातल्या शेतकऱ्याचे शत्रू ससे आणि कोठारातले उंदीर. तिथल्या लोकांत एक म्हणच आहे, पिसांना वन सेव्हन सेव्हन आणि केसांना टू टू. कारण साधं आहे, आकडे मांडून बघू. इंग्लंडात १९६९ च्या नियमाप्रमाणे बारा फूट-पौंडापर्यंतची एअर रायफल बिनपरवान्याची धरतात, म्हणजे सुमारे १६ जूल. एवढ्याच ताकदीत अर्ध्या ग्रॅमचा ०.१७७ छर्रा सेकंदाला साधारण २५० मीटर वेगाने निघतो. ०.२२ चा छर्रा जवळपास दुप्पट जड, तो १८५ च्या आसपास. हलका छर्रा सपाट जातो, अंतराचा अंदाज चुकला तरी नेम फार खाली पडत नाही. जड छर्रा पोटात ओढ धरून जातो, पण त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ दीडपट असतं, आत जाऊन जागेवर ताकद सोडतो. हलका कधीकधी आरपार निघून जातो आणि जनावर जखमी होऊन बिळात शिरतं. म्हणून कोठारात दहा-पंधरा मीटरवरून उंदीर मारायला तिथले लोक ०.२२ घेतात.

अमेरिकेत १९४७ साली, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच साली, शेरिडन नावाच्या कंपनीने मधला मार्ग काढला, ०.२० बोअर. चाललं, पण फार पसरलं नाही. ०.२५ वाल्यांची वेगळी जात. जड छर्रा, पंपाची किंवा टाकीची बंदूक, जवळचं अंतर.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण गोंधळ नेहमीचा आहे. ०.२२ ची एअर रायफल वेगळी आणि ०.२२ ची काडतुसाची रायफल वेगळी. माप नावाला सारखं. काडतुसाच्या रायफलीची गोळी सव्वाशे-दीडशे जूलने निघते, एअर रायफलच्या आठ-दहा पट. कोल्हापूरच्या राधानगरीकडचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमधून कांस्य घेऊन आला ते काडतुसाच्या रायफलीवर. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये देशाचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण घेतलं ते साडेचार मिलिमीटरच्या एअर रायफलवर, दहा मीटरवरून. त्याआधी २००० साली सिडनीत आपली अंजली भागवत याच खेळात अंतिम फेरीत गेली होती. दहा मीटरचा हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला १९८४ ला, आणि त्यात एकच माप चालतं, बर्मिंगहॅमच्या गुत्त्यातलं ते एक नंबर.

आता आपल्याकडे येऊ. खरा गुंता इथे आहे.

१८५७ नंतर इंग्रजांना आपल्या हातात हत्यार नको होतं. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि बंदुकीला परवाना लागू झाला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा झाला, तोच आजही चालू आहे. त्यातलं १३ वं कलम मी मुद्दाम वाचलं. परवाना कुणाला कशासाठी द्यायचा, ते तिथे सांगितलंय. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ठासणीची पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची. आणि ०.२२ ची रायफल किंवा एअर रायफल कुणाला? तर २०१९ च्या दुरुस्तीआधीच्या मूळ कलमाप्रमाणे मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला, नेमबाजीच्या सरावासाठी.

परत वाचा. पीक राखायला ठासणीची. एअर रायफल सरावाला. म्हणजे १९५९ साली दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात एअरगन शेतात नव्हतीच, ती क्लबात होती. कोकणात, कोल्हापूरच्या डोंगरपट्ट्यात आणि गोव्यात ज्यांच्याकडे शेती संरक्षणाचे परवाने आहेत त्यांना हे पक्कं माहीत आहे. त्यांच्याकडे ठासणीची नाहीतर बाराबोर असते, आणि आचारसंहिता लागली की बऱ्याच ठिकाणी ती पोलीस ठाण्यात नेऊन ठेवावी लागते. नेमका तेव्हा हंगाम असला तर डुकरांना मोकळं रान.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी एअरगनची रेषा आकड्यात आखली. बोअर ०.१७७ च्या आत आणि ताकद २० जूलच्या आत असेल तर परवाना नको. दोन्हींतलं एक जरी ओलांडलं तरी परवाना हवा. गंमत बघा. इंग्लंडात ताकदीवर मर्यादा आहे, मापावर नाही, त्यामुळे तिथला शेतकरी त्याच बारा फूट-पौंडात ०.२२ किंवा ०.२५ घेऊ शकतो. आपल्याकडे ताकद त्यांच्याहून थोडी जास्तच चालते, पण माप क्लबाचंच. शेतावरचं दोन नंबर बोअर आपल्या कायद्याने कुंपणाबाहेर ठेवलंय. तेव्हा "कुठल्या बोअरची घेऊ" हा प्रश्न आपल्याकडे निवडीचा उरतच नाही. दुकानात परवान्याशिवाय मिळते ती एकाच मापाची. कुणी गुपचूप ०.२२ देतो म्हणाला तर तो बिनपरवाना शस्त्र देतोय, आणि केस विकणाऱ्याइतकीच घेणाऱ्यावर होते.

आपल्याकडे बनलेल्या एअरगनबद्दल एक आडवाट. ओढ्यावर मोरी घालताना सिमेंटच्या गोल नळ्या टाकतात, त्यांना आपण ह्यूम पाईप म्हणतो. त्या बनवणारी इंडियन ह्यूम पाईप कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढली. जुन्या एअरगनवर 'आयएचपी' अशी अक्षरं दिसली तर ती याच कंपनीची. पाईप आणि बंदूक, दोन्ही शेवटी नळ्याच म्हणा. आमच्या भागात दोन-तीन घरांत अजून आहेत, लाकडी दस्ता, नळी मोडून भरायची. स्प्रिंग बसलीय, पण घरचे विकत नाहीत.

आता मुद्द्याचं. साडेचार मिलिमीटर, वीस जूल. याने शेतात काय होतं?

आपली गोफण घ्या. शंभर ग्रॅमचा गुंडा, सेकंदाला तीस मीटर वेगाने सुटला, हाताला सवय असलेल्या माणसाला हे अवघड नाही. हिशोब केला तर ४५ जूल येतात. म्हणजे आजोबांच्या गोफणीत दुकानातल्या एअरगनच्या दुपटीहून जास्त ताकद होती, विनापरवाना. छर्रा टोकदार जागी लागतो म्हणून कातडीत शिरतो आणि गुंडा आदळतो, हा फरक आहे, मान्य. पण ऐंशी-शंभर किलोच्या रानडुकराच्या खांद्यावर जाड कातडं आणि चरबी असते. तिथे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा लागला तर ते मरत नाही. चिडतं, नाहीतर छर्रा अंगात घेऊन उसात शिरतं. मग सकाळी पाणी धरायला जाणारा माणूस जखमी डुकरासमोर येतो. माप ०.२२ असतं तरी यात फरक पडला नसता, ०.२५ असतं तरी नाही. डुकराला एअरगन हे उत्तरच नाही, कुठल्याही बोअरची.

दुसरी बाजू वन्यजीव कायद्याची. १९७२ च्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. जखमी करणं, पिटाळत नेणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, सगळं शिकारीत येतं. आधी या कायद्याला पाचवी यादी होती, उपद्रवी प्राण्यांची. कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर त्यात होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ती यादीच गेली. रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या यादीत गेले, आपला कणसं तोडणारा राघूही दुसऱ्या यादीत. मोर तर पहिल्या यादीत आहेच. साधा गुन्हा ठरला तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदूक जाते ती वेगळीच, गाडीवरून गेला असाल तर गाडीही.

पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही-डुकरांसाठी परवानगीची वाट आहे. कलम ११ खाली वन खातं परवानगी देऊ शकतं, आणि २०१५ साली राज्य सरकारने त्यासाठी आदेशही काढला होता. पण परवानगी मिळाली तरी ती योग्य बंदुकीने, परवानाधारकाने करायची गोष्ट आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीचं तिथे काम नाही. ज्यांनी हे कागद फिरवलेत त्यांना माहीत आहे, अर्जाच्या दमाने डुक्कर थांबत नाही. राग येतो तो खराय. एका रात्रीत एकर मका जातो तेव्हा कलमं वाचायला कुणाला वेळ असतो? पण त्या रागात पोरगं तीस-चाळीस हजारांची बेकायदा बंदूक आणतं, डुक्कर तर मरत नाही, आणि तारखा मात्र वर्षानुवर्षं बापाच्या मागे लागतात. कोर्टाच्या फेऱ्यांत गेलेला दिवस शेतात परत मिळत नाही.

राहिला उंदीर. घरातल्या आणि गोदामातल्या उंदराला ०.१७७ पुरते, दहा मीटरच्या आत, मागे भिंत किंवा पोती बघून, आणि घरात पोरं नाहीत याची खात्री करून. डोळ्याला लागलेला छर्रा डोळा घेऊन जातो, तिथे वीस जूल काय आणि दहा काय. पण खरं सांगू का, शेतातल्या उंदराची बिळं बांधाला शंभर असतात. एकेक छर्रा मारत बसलात तर सुगी संपेल. बिळं बुजवणं, आमिष, पिंजरे आणि रात्री खांबावर बसणारं गव्हाणी घुबड, यांचा हिशोब जास्त बसतो.

पाखरांवर आलोच आहोत तर एअरगनची आपल्याच मुंबईतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९६ साली जन्मलेला एक पोरगा, आईबाप लहानपणीच गेलेले, खेतवाडीत मामाच्या घरी वाढलेला. हातात खेळण्यातली एअरगन. एक दिवस त्याने चिमणी पाडली, बघतो तर गळ्यावर पिवळा ठिपका. ही कुठली चिमणी? मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड साहेबांनी पक्षी ओळखला, पोराला कपाटातले पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. तो पोरगा म्हणजे सलीम अली.

पुढे याच माणसाने अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींचा अभ्यास केला. नर एकामागून एक खोपे विणतो, खोपा पसंत पडला की मादी राहायला येते, आणि तो पुढचा खोपा विणायला घेतो, हे त्यांनी बारकाईने टिपून ठेवलं. सुगरण आपली ज्वारी खाते हे कुणी नाकारत नाही. पण पिल्लांना ती किडे-अळ्या भरवते, हेही तेवढंच खरं. हरभऱ्यात पक्षीथांबे आपण पैसे खर्चून लावतो, त्यावर कोतवाल बसावा आणि घाटेअळी टिपावी म्हणून. त्याच बांधावर दुसऱ्या टोकाला एअरगन घेऊन पोरगं बसवलं तर पाखरू दोन्ही पिकांतून उठतं.

आमच्याकडे यंदा सव्वा एकर मालदांडी आहे, रस्त्याकडेची आठ सऱ्या आधी दाण्यावर येतात, राघू पहिले तिथेच उतरतात. तिथे चमकणारी पट्टी ओढलीय, पट्टीला पीळ दिला की वाऱ्यावर आवाज करते. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी चार ते अंधार पडेपर्यंत राखण, मधे पाखरू फार येत नाही. थोरल्या चुलत्यांनी सुताच्या दोरीच्या दोन गोफणी विणून दिल्यात. गुंडे ओढ्यातून आणून ठेवलेत, लिंबाएवढे, त्याहून मोठा नको, ताटं मोडतात.